नावेच्या गाड्याचे उजवे चाक

मे महिन्यात पुण्याची माणसे महाबळेश्वरला जातात, निदान जाऊन आल्यासारखी बोलतात. मी अकोल्याला गेलो, आणि तेही नाव वाहून नेण्याचा एक जुना गाडा तपासायला. परत आल्यापासून हे वाक्य मी कचेरीत, बिऱ्हाडात आणि न्हाव्याच्या दुकानात मिळून वीसेक जणांना ऐकवले. प्रत्येकाने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले आणि मग विचारले, "अकोल्याला समुद्र कधी आला?" एकेकाला उत्तर देऊन घसा बसला, म्हणून सगळे लिहून काढत आहे. वऱ्हाड न पाहिलेल्यांना त्यातून काही माहिती मिळाली तर तीही घ्यावी.

आधी माझ्या योग्यतेविषयी. गेली अकरा वर्षे मी एका विमा कंपनीत वाहन तपासनीस आहे. टेबलावरच्या पाटीवर तसे लिहिलेले आहे. वाहन पाहायला जातो तो दुसराच माणूस. तो येऊन अहवाल लिहितो, आणि त्या अहवालातले रकाने बरोबर भरले आहेत की नाहीत हे मी तपासतो. अकरा वर्षांत मी एकाही चाकाला हात लावलेला नव्हता. पंख्याखाली बसून लाल पेन्सिलीने 'दुरुस्तीपलीकडे' असा शेरा मात्र शेकडो मोटारींवर मारला होता. हा बारीकसा तपशील अकोल्यास दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला कळवायचा राहून गेला होता. पाटीविषयी मात्र मी तिला सविस्तर लिहिले होते.

तिचे यजमान बापूराव तिथे शाळामास्तर आहेत, आणि जुन्या शहरातल्या लोकांनी आपापसांत काढलेल्या पूरनिवारण समितीचे चिटणीसही. त्यांचे पत्र आले: 'साळेबुवा, अमरावतीला एका देशमुखांकडे साहेबाच्या वेळचा नावेचा गाडा पडून आहे. तो आम्हाला मिळतो आहे, पण माल जुना. तुमच्यासारखा जाणकार घरात असताना परक्याला कशाला विचारावे?' आपण जाणकार आहोत असे कुणी लेखी कळवले की नाही म्हणणे जड जाते. मी रजेचा अर्ज टाकला.

अकोला

वऱ्हाड आणि आपण छप्पन साली एका राज्यात आलो त्याला जेमतेम दीड वर्ष झाले होते, म्हणून नव्या राज्यातल्या नव्या नातेवाइकांवर उपकार करायला निघाल्याच्या थाटात मी गाडीत बसलो. सकाळी नऊ वाजता अकोल्याच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा कुणीतरी तोंडावर गरम टॉवेल टाकल्यासारखे झाले. ती तिथली सकाळची हवा होती. दुपारची अजून यायची होती.

टांगा मोर्णेच्या पुलावर आला तसा मी खाली डोकावलो. पात्रात चार म्हशी बसल्या होत्या आणि चौघींच्याही पाठी कोरड्या होत्या. एक बाई वाळूत खड्डा खणून वाटीवाटीने पाणी कळशीत भरत होती. या नदीसाठी नाव, त्या नावेसाठी गाडा आणि गाड्यासाठी पुण्याहून मी. मला समितीतल्या लोकांची कीव आली.

ताई दारातच उभी होती. "काहून रे, इतका वाळला काहून? मले तर ओळखूच नाही आला." ही माझी सख्खी बहीण. लग्न होईपर्यंत ती शेजारणीच्या 'आमी-तुमी'ला नाक मुरडायची. बारा वर्षांत वऱ्हाडाने तिला पूर्ण गिळंकृत केले होते आणि ती त्यात मोठ्या सुखात होती. जेवायला आमरस आणि कुरडया होत्या. आमच्याकडे रसाची वाटी ठेवतात आणि ती रिकामी झाली की यजमानांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. इथे पातेलेच माझ्या शेजारी आणून ठेवले. मी लाजेकाजेस्तव नको म्हटले तर बापूरावांना ते खरे वाटले नाही, ही त्या प्रांतातली सगळ्यात चांगली गोष्ट.

हात धुताना माझे लक्ष भिंतीकडे गेले. डोक्याच्या वीतभर वर मातीची एक सरळ रेघ चारी भिंतींवरून फिरली होती. मी म्हटले, "ताई, चुना मारून घ्यायचा ना."

"मुद्दाम ठेवली," ती म्हणाली. मग तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत सांगायला हवे, पण मला ते जमणार नाही. गेल्या वर्षी सकाळी आठ वाजता मोर्णेचे पाणी जुन्या शहरातल्या उताराच्या गल्ल्यांत शिरले. नाव होती. दोन फर्लांगांवर शाळेच्या पडवीत पालथी घातलेली होती. पण ती पाण्यापर्यंत न्यायची कशी, याचा विचार कुणीच केला नव्हता. बैलगाडीवर चढवली, तर गाडी वळणावर अडकली आणि तिचा आस मोडला. अडकलेली गाडी बाजूला करण्यातच दुपार झाली, मग सोळा माणसांनी नाव खांद्यावर घेतली. नाव उताराच्या शेवटच्या घरापाशी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्या घराच्या छपरावर एक म्हातारा आणि म्हातारी सकाळपासून बसली होती. म्हातारी मिळाली. दीडच्या सुमाराला छपराची अर्धी बाजू खचली आणि म्हातारा त्या बाजूबरोबर वाहून गेला.

"तायडे मिस्त्रीचा बाप तो," ताई म्हणाली. "सरकारी वर्कशॉपात आहे बघ, उद्या तुमची जीप चालवणार आहे. तो त्या दिवशी कामावर बाहेरगावी होता. त्याची माय अजून त्याच घरात राहते. हालतच नाही तिथून."

मी पुन्हा एकदा त्या रेघेकडे पाहिले. मोर्णेतल्या म्हशींविषयी एक चांगला विनोद मी जेवणानंतरसाठी राखून ठेवला होता, तो तसाच राहिला.

अमरावती

दुसऱ्या दिवशी उजाडताना एका कापूसवाल्याची मागून आणलेली जीप दारात उभी राहिली. तायडे मिस्त्री तिशी-बत्तिशीचा, काटक आणि मितभाषी माणूस. त्याने समितीच्या कामासाठी स्वतःची रजा काढली होती. बापूरावांनी "हे आमचे साळे, पुण्याचे वाहन तपासनीस" अशी ओळख करून दिली, तेव्हा त्याने माझ्या परीटघडीच्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा पाहिले आणि "बसा सायेब" एवढेच म्हणाला.

अमरावतीचे ते देशमुख म्हणजे दादासाहेब. त्यांचा बंगला कॅम्पाच्या बाजूला, आणि गाडा होता गोठ्यात, दोन बैलांच्या मधोमध. मी आजवर जी वाहने कागदावर पाहिली त्यांतल्या एकाचेही असे वर्णन वाचनात आले नव्हते. चाकांना गेरू फासलेला होता. चाकाच्या मधला जो जाड गोळा असतो, ज्याला गाडीवान तुंबा म्हणतात, त्यावर हळदीकुंकवाची पाच-पाच बोटे होती. जीपला जोडायच्या दांड्याच्या टोकाला, बैलाच्या शिंगांना लावतात ती बेगड चिकटवलेली होती.

"साहेब वडाळीच्या तलावात नाव घालून बदकं मारे," दादासाहेब सांगू लागले. "सत्तेचाळीसले थो गेला. नाव कुजली, गाडा राह्यला. त्याच्यावर संत्री नेली, पोरीची वरात काढली, इलेक्शनचा भोंगा फिरवला. घरचाच झाला न थो. मंग पोयाले साऱ्याईले धुतात, याले एकट्याले काहून सोडाचं? हा आमचा किसना पायते सारं."

किसना म्हणजे त्यांचा म्हातारा गाडीवान. तो अभिमानाने पुढे आला. दर पोळ्याला तो बैलांबरोबर या गाड्यालाही तलावावर न्यायचा, तुंबे बुडेपर्यंत पाण्यात उभा करायचा, चोळून धुवायचा, आणि मग अंबाडीचे सूत एरंडेल तेलात भिजवून चाकांत कोंबायचा. बैलगाडीचे करतात तेच. साहेब गेल्यापासून एकही पोळा त्याने चुकवला नव्हता. इतका मान अकोल्याच्या समितीने माझाही ठेवला नव्हता.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पुढे झालो, टायरला बुटाने एक लाथ दिली आणि "हं" म्हटले. मग दुसऱ्या टायरला दिली. वाकून खाली पाहिले आणि पुन्हा "हं" म्हटले. एवढ्याने माझी सामग्री संपली. दादासाहेबांनी विचारले, "काय पाहून राह्यले?" मी म्हणालो, "एकंदर स्थिती." शर्टाच्या कोपराला गेरू लागला होता तो मी झटकत राहिलो.

तायडेने तोवर एका चाकाखाली जॅक लावला होता. चाक उचलून त्याने हाताने गरकन फिरवले आणि तुंब्याशी कान नेला. आतून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज येत होता. त्याने तुंब्यावरची लोखंडी टोपी काढली, नट सोडला आणि एरंडेलाने माखलेला सुताचा बोळा ओढून काढला. मागोमाग तांबडे पाणी आले.

तुंब्याच्या आत बारीक लोखंडी लाटण्यांची एक कडी असते आणि तिच्यावर चाक फिरते. तिला बेअरिंग म्हणतात. अकरा वर्षे हा शब्द मी रकान्यात वाचत होतो, त्याचे प्रत्यक्ष दर्शन मला देशमुखांच्या गोठ्यात झाले.

"बैलगाडीचं येगळं," तायडे किसनाला समजावत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नावेचा गाडा पान्यात जाते, मामा. चालून आला का तुंबा तापते. तापला तुंबा पान्यात घातला का आतली हवा आकसते न थो पानी ओढून घेते. मंग जंग. म्हनून आधी थंड होऊ द्याचा, न पान्यातून काढला का उघडून नवं ग्रीस भराचं. थे नाई केलं तं ऐन वख्ताले चाक जाम होते." ऐन वेळ म्हणजे कोणती, हे त्याने सांगितले नाही. मला ते ताईने सांगितलेले होते.

दुपारपर्यंत तो रॉकेलच्या डब्यात एकेक भाग धूत बसला. दोन बेअरिंगे कामातून गेली होती, ती त्याने बाजारात हिंडून जुन्या मोटारीच्या मालातून जुळवून आणली. त्याच मालातले आणखी एक जुने, अडीनडीला म्हणून, त्याने फडक्यात गुंडाळून जीपमध्ये ठेवले. मग ग्रीस भरले, चाके बसवली, नट आवळले आणि पुन्हा थोडे ढिले केले. डाव्या चाकाचे सगळे पुरे झाले. उजव्याची, नट जागचा फिरू नये म्हणून घालतात ती पिन तेवढी राहिली. "हात धुऊन येतो न पिन घालतो," असे म्हणून तो विहिरीकडे गेला.

मी एकटाच चाकापाशी राहिलो. सकाळपासून मी नुसता हं म्हणत होतो, ते मलाही खुपत होते. मी उजवे चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले. ते किंचित हलले. माझ्यातला तपासनीस खडबडून जागा झाला. हा निष्काळजीपणा! चाक हलते आहे आणि मिस्त्री हात धुतो आहे! मी लांब दांड्याचा पाना घेतला, नट अंगातले सगळे बळ लावून आवळला, पिन घातली, टोपी ठोकली आणि रुमालाला हात पुसले.

तायडे परत आला. टोपी बसलेली पाहून थबकला. "पिन घातली काय तुमी? नट नाई न फिरवला?"

"छे," मी म्हणालो.

का म्हणालो हे तेव्हा कळले नाही. आता कळते. त्याच्या विचारण्यात असे काही होते की नट फिरवायचा नसतो हे मला त्या क्षणी उमगले होते.

बडनेऱ्याहून पुढे

निघताना तायडेने रीत सांगितली. "दर थांब्याले उतराचं न तुंब्याले हात लावाचा. कोमट चालते. चटका बसला का तिथीच थांबाचं. मी डावं पायतो, सायेब तुमी उजवं पाहा." म्हणजे अख्ख्या प्रवासात माझ्याकडे एकच काम होते, आणि ते बिनचूक करण्यासाठी फक्त एक हात लागत होता.

मे महिन्यात, वऱ्हाडात, भर उन्हात नावेचा रिकामा गाडा ओढत नेणे ही लोकांच्या करमणुकीची चांगली सोय आहे. बडनेऱ्याच्या हॉटेलात एकाने विचारले, "नाव कुठी हाय?" बापूराव म्हणाले, "अकोल्याला." त्याने विचारले, "न पानी?" बापूरावांनी चहा बशीत ओतला. मी चहाच्या बाकावरूनच उजव्या चाकाकडे पाहिले. धुरळ्याने माखलेले, त्यात ग्रीस. आणि शर्ट पांढरा. तायडे डाव्या चाकापाशी वाकून विचारत होता, "कसं हाय सायेब?"

"थंड," मी म्हणालो.

पुढचा थांबा एका विहिरीपाशी झाला. या वेळी मी उतरलो, वाकलो आणि हात तुंब्यापासून वीतभर अंतरावर नेला. झळ लागली. पण त्या दिवशी कशाची झळ लागत नव्हती? जीपच्या दारालाही लागत होती. मे महिन्यातल्या वऱ्हाडात एका तुंब्याने थंड राहावे ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटली. "ठीक आहे," मी सांगितले. तायडेने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी मास्तरांचा साळा होतो आणि माझ्या टेबलावर पाटी होती.

मूर्तिजापूरच्या अलीकडे

मूर्तिजापूर तीन-चार मैलांवर राहिले असेल. रस्त्याकडेच्या आंब्याखाली एक माळ्याचे कुटुंब गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत बसले होते. त्यातला माणूस एकदम उठून हात हलवत रस्त्यावर आला. "ओ भाऊ! थांबवा! चाकातून धूर येऊन राह्यला!"

धूर उजव्या चाकातून येत होता. तायडे उडी मारून मागे आला. मला काहीतरी करणे भाग होते, म्हणून मी जीपमधला पाण्याचा फिरकीचा तांब्या उचलला आणि तुंब्यावर ओतायला निघालो. त्याने माझे मनगट धरले. "नोका! सकायी काय सांगतलं मी?" तोल सावरायला मी दुसरा हात टेकला. तो टेकला तुंब्यावर. त्या प्रवासात मी उजव्या चाकाला पहिल्यांदा हात लावला तो असा.

तळहातावर रुपयाएवढा फोड आला. माळ्याच्या बायकोने, गंगूबाई तिचे नाव, ओल्या फडक्यात हात गुंडाळून दिला. माळी म्हणाला, "चाक थंड होईपर्यंत जाता कुठी? बसा. रोडगे झालेच." आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी काम विचारतात आणि बसायला सांगायचे की नाही ते मग ठरवतात. इथे कुणी आमची नावेही विचारली नव्हती आणि पळसाच्या पत्रावळी मांडून झाल्या होत्या.

रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा. आत तीन-चार पदर असतात, आणि तो गोवऱ्यांच्या राखेत खरपूस भाजतात. राख झटकून तुपात फोडायचा आणि वांग्याच्या जळजळीत भाजीबरोबर खायचा. एका रोडग्यावर माझे पोट भरले. गंगूबाईने दुसरा वाढला. मी पहिल्याच घासाला ठसकलो, तर तिने तूप वाढले. दुसऱ्या घासालाही ठसकलो, पण ते तिखटाने नव्हते.

कारण चाक हलवून पाहून आलेला तायडे समोर बसून विचारत होता, "नट कोनं आवळला? लाटन्याईले फिराले मी ढील ठेवली होती."

मी पत्रावळीकडे पाहत राहिलो. बापूराव म्हणाले, "त्या अमरावतीच्या दादासाहेब देशमुखांच्या गाडीवानाचंच काम. जाता जाता मारला असेल पाना. अडाणी माणूस."

"कोन गाडीवान?" माळ्याने विचारले. "दादासाहेबाचा किसना काय? थो माया साळा होय."

गंगूबाईचा वाढता हात थांबला. "किसना असा नाई करत जी," ती म्हणाली. "थो कोनाच्या चाकाले बिनइचारता हात नाई लावत. तीस सालं झाले त्याले बैलं राखता, एकदा कोनाचं नुकसान नाई केलं त्यानं." तिचे डोळे भरले होते. तिच्या हातचा रोडगा माझ्या पत्रावळीवर, तिचे फडके माझ्या हाताला, आणि तिचा भाऊ माझ्या जागी.

आता मात्र मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. अकरा वर्षांत ती कधी कामाच्या वेळेत वाटली नव्हती.

"किसनाने नाही," मी म्हणालो. "नट मी आवळला. विचारलंत तेव्हा खोटं बोललो. आणि चाकाला मी हात लावलाच नाही. बडनेऱ्याला नाही, विहिरीपाशीही नाही." एवढे बाहेर पडल्यावर उरलेलेही राहवेना. "मी गाड्या तपासत नाही. गाड्यांचे कागद तपासतो."

बापूरावांचा घास तोंडाशीच राहिला. गंगूबाईने डोळे पुसले आणि मला आणखी भाजी वाढली, हे मला सगळ्यात जास्त लागले. तायडे चाकाकडे पाहत बसला होता. त्याला काय दिसत असेल ते मला कळत होते, कारण मलाही तेच दिसत होते. उताराची गल्ली, पाणी, आणि वळणावर जाम झालेले चाक.

शेवटी तो म्हणाला, "मले वाटलंच होतं. तुमी टायरले लात मारली न, तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तराचे साळे होय न तुमी." तो उठला. "चाला. आता कागद नाई. चाक तपासा."

तुंबा थंड झाल्यावर त्याने नट मला उघडायला लावला. बेअरिंग निळे पडून फुटले होते. फडक्यातले जुने काढले. ग्रीस तळहातावर घेऊन लाटण्यांच्या फटीफटींतून कसे दाबून भरायचे ते त्याने दाखवले आणि फोड नसलेल्या हाताने ते माझ्याकडून करून घेतले. शर्टाची त्या वेळी जी अवस्था झाली तिला माझ्या लाल पेन्सिलीत एकच शेरा आहे.

"आवळा," तो म्हणाला. "अजून. आता चाक फिरवा. बस. आता जरासक मांगं घ्या. हालते?"

"किंचित हलतं."

"थेच पाह्यजे."

मूर्तिजापूर ते अकोला आम्ही दर चार मैलांवर थांबलो. मी दर वेळी उतरलो आणि उजव्या तुंब्याला हात लावला. तळव्याने नव्हे, हाताच्या मागच्या बाजूने, कारण तिला लवकर कळते असे तायडेने शिकवले होते. मी थंड म्हणालो की तो आता स्वतः येऊन हात लावून पाहायचा. बोरगाव मंजूपर्यंत तो येत राहिला. बोरगावनंतर आला नाही.

पुन्हा अकोला

समितीने दोन दिवसांनी गाड्याची चाचणी ठेवली. अध्यक्षांनी भाषण केले, नारळ फुटला, आणि शाळेच्या पडवीतून नाव गाड्यावर चढवून ती वळणावळणांनी मोर्णेवर नेली. वळणावर लोक श्वास रोखून उभे होते. गाडा वळला. बापूरावांच्या घड्याळाप्रमाणे वीस मिनिटे लागली. मग आमची नाव घोटाभर पाण्यात समारंभपूर्वक सोडण्यात आली आणि ती जागच्या जागी चिखलात बसली. एक म्हैस बाजूला सरकली. टाळ्या मात्र खऱ्या होत्या. गल्लीतल्या माणसांनी ती वीस मिनिटे एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितली.

बापूरावांनी माझ्यापुढे कागद ठेवला: 'गाडा तपासला. ठीक आहे.' खाली सहीची जागा. बापूरावांनी माझी गोष्ट घरी ताईलाही सांगितली नव्हती. असले कागद मी दिवसाला तीसेक हातावेगळे करतो. या वेळी मी 'तपासणारा' यापुढे तायडेचे नाव लिहिले आणि त्याखाली 'उजवे चाक' असे लिहून माझी सही केली.

संध्याकाळी तायडे मला उताराच्या शेवटच्या घरी घेऊन गेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि छपराच्या अर्ध्या भागावर कौले होती, अर्ध्यावर नवे पत्रे. म्हातारीने चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि मी पितो की नाही ते ती नुसती पाहत राहिली. मी प्यायलो. मग मी अजून थोडा मागितला, आणि तो खरोखरच चांगला होता. तिचे लक्ष माझ्या हाताकडे गेले. परसातली कोरफड तोडून तिने तिचा गर फोडावर लावला.

"कायनं भाजलं?"

"चाकानं," तायडे म्हणाला.

"मंग हात लावला त्याईनं?"

"लावला. उशिरा लावला."

"लावला न," म्हातारी म्हणाली. "बस झालं." मग तिने विचारले, "कसा लावाचा असते थो?" मी तिला दाखवले. हात उलटा करायचा, बोटांची मागची बाजू टेकवायची, दहा आकडे मोजायचे. तिने तिचा हात उलटा करून चहाच्या भांड्याला लावून पाहिला आणि मान हलवली.

मी पुण्याला परत आलो. हल्ली अहवाल आला की अधूनमधून मी उठतो आणि गाडी पाहायला जातो. साहेबांना ते आवडत नाही. टेबलावरच्या पाटीकडे आता मी सहसा पाहत नाही.

ऑगस्टमध्ये तायडेचे कार्ड आले. अक्षर मोठे, ओळी चारच. ते जसेच्या तसे देतो.

'साहेब, मोर्णेले पानी आलं. नाव वीस मिनिटांत पोचली, सारे लोक निघाले. गाडा पान्यात घालायच्या आधी डाव्या चाकाले मी हात लावला. उजव्याले लावाले कोनी नव्हतं, म्हनून माय आली. उलट्या हातानं पाहिलं. म्हने थंड हाय, जाऊ दे.'